बारक्याच्या मिशीविरुद्ध

सत्तरी उलटली म्हणून ज्यांना दहा वर्षांचं राहू दिलं जात नाही, अशा माझ्या तमाम आत्यांनो,

(तू एकच आहेस, मला माहीत आहे. पण अनेकवचनाशिवाय माझं तोंड उघडत नाही, आणि हे तुलाही माहीत आहे. तेव्हा मागच्या सगळ्या खुर्च्या भरल्या आहेत असं समज आणि पुढे वाच.)

नमस्कार वाकूनच करतो आहे. टेबलाशी बसून लिहिताना माणसाला जेवढं वाकता येतं तेवढं. गुडघा कसा आहे? डावा दुखत होता, तो थांबला की उजव्यालाही त्यानं आपल्या बाजूला वळवलं? आतोबांची दुपारची झोप, त्यांचं शब्दकोडं आणि त्यांचा माझ्यावरचा राग, तिन्ही गोष्टी वेळच्या वेळी होत असतील अशी आशा करतो. आणि गळा कसा आहे? हा प्रश्न पत्रात विचारायची रीत आहे म्हणून विचारलेला नाही. त्या गळ्यावर एका पोराचं आयुष्य अवलंबून आहे, आणि त्या पोराला गेल्या आठवड्यात मिशी फुटली आहे.

हे सगळं मी फोनवर बोललो असतो. पण फोन तू घेत नाहीस, आतोबा घेतात. ते म्हणतात, "ती घरात नाही." मग मागून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू येतं, आणि आतोबा प्रामाणिक माणूस असल्यामुळे पुढे म्हणतात, "असं ती म्हणतेय." काल मी नाक दाबून, गॅसच्या एजन्सीतून बोलतोय असं सांगितलं. तर तू स्वतः फोन घेतलास आणि बारक्याच्या आवाजात म्हणालीस, "घरात मोठं कुणी नाहीये हो, काका." आणि ठेवलास! आत्या, मी जगातल्या बहिष्कारांचा इतिहास वाचला आहे. चळवळींनी एकमेकांना वाळीत टाकलेलं वाचलं आहे, भावांनी भावांशी बोलणं टाकलेलं वाचलं आहे. पण सख्ख्या आत्यानं भाच्याला काका म्हणून फोन ठेवल्याचं उदाहरण माझ्या वाचनात नाही. म्हणून हे पत्र. पत्र ठेवून देता येतं, पण पत्रावर "राँग नंबर" म्हणता येत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. तुला ती पाठ आहे, पण वक्त्यानं सभेला काहीच माहीत नाही असं धरून चालायचं असतं. आपल्या मालिकेची सव्वीस पर्वं झाली. एका गल्लीतलं एक चितारलेलं घर. घरात आई, बाबा, ताई, सारखा शिंकणारा कुत्रा, चिडके आजोबा, आणि दहा वर्षांचा बारक्या. सव्वीस पर्वांत सरकारं बदलली, टीव्ही जाडे होते ते बारीक झाले, बघणारे बारीक होते ते जाडे झाले, पण बारक्या दहाचा तो दहाच. बारक्याचा आवाज तू, आजोबांचा मी. म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण ही गेली सव्वीस पर्वं माझा नातू आहे. मला आजोबा केलं तेव्हा मी लग्नसुद्धा केलं नव्हतं. स्टुडिओच्या काचेआड मी तुला "कार्ट्या, तुझी तंगडी मोडीन!" म्हणायचं, तू "सॉरी ना आजोबा" म्हणून मुळूमुळू रडायचं, आणि दिवा विझला की तूच बाहेर येऊन मला म्हणायचं, "शर्टाची कॉलर बघ कुठे चाललीय. आणि तंगडी हा शब्द तुला कुणी शिकवला?" चौथ्या पर्वात मी जरा रंगात येऊन, संहितेत नसलेलं "तुझ्या बापानं तुला वळण लावलं नाही" असं म्हणालो होतो, आठवतं? तू मायक्रोफोन सोडून आलीस, माझ्या एक थोबाडीत दिलीस ("माझ्या बापाचं नाव काढायचं नाही, तो तुझा खरा आजोबा आहे"), परत जागेवर गेलीस, आणि दहा वर्षांच्या आवाजात म्हणालीस, "चुकलो आजोबा." आपले ध्वनिमुद्रक, ज्यांना आपण कानसेन म्हणतो, त्यांनी ती थोबाडीत ध्वनिमुद्रणात तशीच राहू दिली. पडद्यावर तो दरवाजा आपटल्याचा आवाज झाला.

तर आता त्या बैठकीकडे येतो. (येणारच होतो. पान उलटू नकोस.)

सत्ताविसाव्या पर्वासाठी आलेल्या नव्या निर्मात्यांना आपण पाठीमागे फ्रेशराव म्हणतो, कारण बैठकीतली बिस्किटं सोडून जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना फ्रेश हवी असते. त्यांनी भिंतीवर नव्या बारक्याचं चित्र दाखवलं. तेरा वर्षांचा बारक्या. लांब हात, लांब पाय, कपाळावर केस, आणि वरच्या ओठावर लव. लवेच्या तीन छटा चित्रकारबाईंकडून आधीच रंगवून घेतल्या होत्या, आणि आपण सर्वांनी मिळून त्यातली एक निवडायची होती. म्हणजे मिशी असावी की नसावी हा प्रश्नच नव्हता. गडद की फिकट, एवढंच स्वातंत्र्य आपल्याला बहाल करण्यात आलं होतं. मित्रांनो, गुलामगिरीवर मी कपाटभर ग्रंथ वाचले आहेत. तिची इतकी नेटकी व्याख्या मला एकातही सापडली नाही.

मिशी आली की आवाज फुटणार, आवाज फुटला की आत्या जाणार. सगळे लवेकडे बघत राहिले. तू बिस्किट हातात घेतलंस, आणि ते हातातच राहिलं. तेवढ्यावरून मला कळलं की तुला कळलंय. माझं रक्त उसळलं. मी उभा राहिलो.

इथे मला तुझ्याशी स्पष्ट बोललं पाहिजे, कारण जे पुढे घडलं त्याला मूळ जबाबदार तू आहेस. शाळेत असताना वादविवादाच्या स्पर्धेसाठी तू मला स्वयंपाकघरात उभं करून तयार करायचीस. "आधी पूर्वपक्ष," म्हणायचीस. "समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला मांडता येणार नाही इतकं चांगलं मांड. मग उत्तरपक्ष. मग त्याला असा पाड की पुन्हा उठता कामा नये." ही शिस्त मी आयुष्यभर पाळली. व्यासपीठावर पाळली, गृहनिर्माण संस्थेत पाळली, लग्नाची बोलणी चालू असताना पाळली (आणि मुलीकडच्यांची बाजू इतकी चांगली मांडली की आमचे लोक चार मागण्या सोडून परत आले). पण या शिस्तीचा दुसरा अर्धा भागही तुझाच होता. "पूर्वपक्षात तू रमतोस," असं म्हणून तू पहिल्या रांगेत, माझ्या हाताच्या अंतरावर बसायचीस, आणि मी समोरच्याच्या प्रेमात पडायला लागलो की माझ्या शर्टाचं टोक धरून एक हिसका द्यायचीस. आंतरशालेय स्पर्धेत त्या हिसक्यानं बटण तुटलं, पण ढाल आली. पुढे स्टुडिओच्या सगळ्या बैठकांतही तू माझ्या शेजारीच बसत आलीस, आणि म्हणूनच मी मुद्देसूद वक्ता आहे असा एक समज पसरला.

त्या दिवशी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बिस्किटांचा डबा होता. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. इतिहासात मोठमोठ्या फौजा कशानं हरल्या ते आपण वाचतो. चिखलानं, थंडीनं, घोड्याच्या नालेनं. मी डब्यानं हरलो.

"समोरच्या बाजूचं म्हणणं असं आहे की," अशी मी सुरुवात केली. म्हटलं, एखाद्या पोराला सव्वीस पर्वं दहा वर्षांचं ठेवणं हा त्या पोरावरचा अन्याय आहे. ज्याला वाढू दिलं जात नाही ते मूल नव्हे, ती बाहुली. त्याला एकदा तरी सकाळी उठून आरशात दचकू द्या. त्याला एकदा तरी असा प्रश्न पडू द्या ज्याचं उत्तर आजोबांकडे नाही. आणि ज्या आवाजानं त्याचं बोट धरून त्याला इथवर आणलं, त्या आवाजाची खरी थोरवी कशात आहे? बोट सोडण्यात. आत्या, "बोट सोडण्यात" म्हणताना मी खरोखरच हवेत एक बोट सोडलं. हळूच. फ्रेशरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईचा आवाज काढणारी बाई हुंदका देऊन खाली बघायला लागली. कुत्र्याचे शिंकणारे गृहस्थ शिंकले, पण ते खरं शिंकले. खरं सांगतो, अशी सभा मला आयुष्यात मिळाली नव्हती.

उत्तरपक्षाचे सहा मुद्दे माझ्याकडे तयार होते. पहिला मुद्दा "परंतु" या शब्दानं सुरू होत होता. मी ओठ मिटून "प" काढतच होतो, आणि दार उघडून चहा आला. लोकांना वाटलं, झालं भाषण. टाळ्या सुरू झाल्या. फ्रेशराव उठून मला मिठीच मारते झाले, आणि माणसाच्या मिठीत उभं राहून त्याचा मुद्दा खोडून काढायचं तंत्र मला कुणी शिकवलेलं नाही. जगातल्या सगळ्या क्रांत्यांचे तपशील मी वाचले आहेत. एकाही क्रांतीत "परंतु" म्हणायच्या क्षणी चहा आलेला नाही.

तू उठलीस. बिस्किट डब्यात परत ठेवलंस. माझ्यापाशी येऊन म्हणालीस, "छान बोललास. पहिल्यांदाच मुद्द्याला धरून बोललास." मग दारात वळून सगळ्यांना उद्देशून म्हणालीस, "मुलगा मोठा झाला की आई घराबाहेर, हे घरोघरी चालतं. कार्टूनमध्ये तेवढं नव्हतं. आता तेही फ्रेश झालं." आणि गेलीस. फ्रेशरावांनी ते वाक्य लिहून घेतलं. त्यांना त्यात एक भाग दिसला.

तू गेल्यानंतर काय काय झालं ते कळवणं माझं कर्तव्य आहे, कारण आतोबा तुला फक्त शब्दकोड्यातले शब्द विचारतात, बातम्या देत नाहीत.

आवाजाच्या चाचण्या घेतल्या. फ्रेशरावांचा आग्रह असा की खरा तेरा वर्षांचा मुलगाच हवा. बाहेरच्या बाकांवर मुलं आणि आया येऊन बसल्या. आणि त्या दिवशी एक शास्त्रीय सत्य उजेडात आलं, की खरा तेरा वर्षांचा मुलगा बोलतच नाही. पहिल्याला मी आजोबांच्या आवाजात दरडावलं, "कुठे होतास इतका वेळ?" तो म्हणाला, "इथेच." संहितेत तिथे अर्धं पान होतं. दुसरा म्हणाला, "हं." तिसऱ्यानं खांदे उडवले, जे मायक्रोफोनवर येत नाही. चौथ्याची आई दार ढकलून आत आली आणि म्हणाली, "अहो, घरी इतका बोलतो! बोल ना रे! मला कसा म्हणतोस, तू मध्ये पडू नकोस, तसं बोल ना!" तो म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस." दिवसभरातलं ते एकच वाक्य कानसेनांना पसंत पडलं. पाचव्याचा आवाज खरोखर वाक्याच्या मधोमध फुटला, सुरेख फुटला; पण दुसऱ्यांदा घेताना तो वेगळ्याच शब्दावर फुटला आणि तिसऱ्यांदा फुटलाच नाही. निसर्गाला संहिता पाठ नसते.

मग एक दाढीवाले नट आणले. ते बेडकाचा, म्हाताऱ्या राणीचा आणि बंद पडत चाललेल्या स्कूटरचा आवाज काढतात. बारक्याचा आवाजही काढला, आणि वाईट काढला असं मी म्हणणार नाही. पण मी "कार्ट्या!" म्हणून ओरडलो की ते गृहस्थ दचकण्याऐवजी हात जोडून म्हणायचे, "वा सर, काय सुरेख लागला!" रागावलेल्या आजोबांना नातवानं दाद देणं हे कितीही फ्रेश असलं तरी त्यातून गोष्ट पुढे सरकत नाही.

शेवटी यंत्र आलं. तुझ्या सव्वीस पर्वांचे सगळे आवाज त्याला ऐकवले आणि त्यानं बारक्याचा आवाज तयार केला. आत्या, हुबेहूब! मी घाबरलो. वाटलं, संपलं सगळं. ते ध्वनिमुद्रण चित्रकारबाईंकडे गेलं आणि त्या ते घेऊन तरातरा परत आल्या. तुला माहीतच आहे, आपल्याकडे आधी आवाज होतो आणि मग त्या आवाजावर चित्र काढतात. लोकांना वाटतं चित्र बोलतं, प्रत्यक्षात आवाजाला हातपाय फुटतात. चित्रकारबाई म्हणाल्या, "हा श्वासच घेत नाही. मी याच्या पापण्या मिटवू कुठे?" आणि काढलेलं चित्र दाखवलं. बारक्या बोलतोय, बोलतोय, डोळे टक्क उघडे, छाती हलत नाही, एखाद्या थकबाकीच्या नोटिशीला चष्मा लावावा तसा. स्टुडिओतला शिंकणारा कुत्रा (म्हणजे त्याचे गृहस्थ) म्हणाला, "मी याच्या घरात राहणार नाही."

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन, आपण चूक की ते चूक याचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून पहिल्या पर्वाचा एक भाग लावला आणि त्याच्यापाठोपाठ सव्विसाव्या पर्वातला एक. दोन्हींत बारक्या शेजाऱ्यांच्या भिंतीवरून उडी मारतो. पहिल्या पर्वात तो धावत येतो, "जातो रेऽऽ!" म्हणतो आणि एका दमात पलीकडे. सव्विसाव्यात तो धावत येतो, भिंतीपाशी थांबतो, वर तारेवर बसलेल्या पाखराकडे जरा वेळ बघतो, आणि मग म्हणतो, "जातो रे." मग उडी. मला आठवलं, या पाखराबद्दल केवढी पत्रं आली होती! बारक्या आता विचारी झाला आहे, बारक्याला निसर्गाची ओढ लागली आहे, वगैरे. मीही एका व्याख्यानात तो प्रसंग चिंतनाचं उदाहरण म्हणून वापरला होता.

माझी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती मान वर करून म्हणाली, "अहो, कसलं चिंतन! हे आत्यांचं थांबणं आहे. आपल्या जिन्यात पहिल्या वळणावर अशाच थांबतात. दम लागला असं म्हणायचं नसतं ना त्यांना, म्हणून खिडकीतून काहीतरी बघितल्यासारखं करतात."

आत्या, मी तो भाग बंद करून बसलो. मग पुन्हा लावला. मग मधली सगळी पर्वं काढली. आणि मला दिसलं. अकराव्या पर्वापासून बारक्या जिना उतरताना कठड्याला हात लावतो. पंधराव्यात, ज्या वर्षी तुझे वडील गेले, तो तीन भाग खळखळून हसत नाही. हसायच्या जागी नुसता दात दाखवतो. विसाव्यानंतर तो आजोबांच्या बोलण्यावर उलट उत्तर देण्याआधी एक क्षण थांबतो, आणि त्या एका क्षणात माझे आजोबा केविलवाणे वाटायला लागतात, जे मी माझ्या अभिनयाचं यश समजत होतो. तू जिथे श्वास घेतलास तिथे चित्रकारबाईंनी त्याला थांबवलं, तू जिथे कंटाळलीस तिथे त्याचे खांदे पडले. दहा वर्षांचा म्हणून ज्याला सगळा गाव ओळखतो, ते पोर तुझ्याबरोबर एकाहत्तर वर्षांचं होत आलं आहे, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, इतक्या बेमालूमपणे मोठं झालं आहे. फ्रेशराव म्हणतात, त्याला वाढू द्या. अहो, तो वाढला! तो कधीच वाढला! त्याला मिशी लावणं म्हणजे पिकलेल्या आंब्याला पिवळा रंग मारणं आहे!

हा माझा उत्तरपक्ष. सहा मुद्दे होते ते बाजूला ठेवले. ते तसेही पुस्तकातले होते.

तेव्हा मी सर्व आत्यांना कळकळीचं आवाहन करतो की त्यांनी रुसवा सोडावा. अन्यायापुढे घरात बसून फोनवर लहान मुलाचा आवाज काढणं हा लढा नव्हे. लढा म्हणजे उभं राहणं, गुडघा दुखत असेल तर धरून उभं राहणं. यात माझा स्वतःचा कसलाही स्वार्थ नाही. मला माझ्यासाठी काही नको. प्रश्न तत्त्वाचा आहे.

आतोबांना नमस्कार. त्यांना सांग, "कुटुंबातील शत्रू, दोन अक्षरी" याचं उत्तर भाचा हे नाही.

तुझा भाचा
(कामावर असताना तुझे आजोबा)

ता. क. स्टुडिओतल्या तुझ्या उंच स्टुलावरची उशी जागच्या जागी आहे. दाढीवाले नट तिच्यावर बसले होते, त्यांना कानसेनांनी उठवलं. "ती उशी आवाजाची आहे," म्हणाले. त्याचा अर्थ मला कळला नाही, पण दाढीवाल्यांना कळलेला दिसला.

ता. क. (आणखी एक) तत्त्वाचा प्रश्न आहे असं वर म्हटलं ते खरंच आहे, पण तत्त्वाच्या पोटात एक बारीकसा तपशील राहून गेला. येत्या गुरुवारी सकाळी बैठक आहे. पहिला विषय बारक्याच्या मिशीचा. त्यावर आणि पुढच्या विषयावर मिळून फ्रेशरावांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. दुसरा विषय "आजोबांचं काय?" असा आहे. फ्रेशरावांचं म्हणणं, नातू मोठा झाल्यावर आजोबा ओरडणार कुणावर? चित्रकारबाईंनी एक चित्र काढून ठेवलं आहे असं ऐकतो. त्यात आजोबांच्या हातात बॅग आहे आणि ते पाठमोरे आहेत. आत्या, अठ्ठाविसाव्या वर्षी मला सत्तर वर्षांचा केला. इतकी वर्षं घसा खरवडून म्हातारा झालो. आता कुठे आपोआप खोकला यायला लागला, तर मला गाडीत बसवतायत. परवा एकट्यानं ध्वनिमुद्रण केलं. समोरची काच रिकामी. मी "कार्ट्या!" म्हणून ओरडलो, तर कानसेन म्हणाले, "सर, आजोबा रागावलेत असं वाटत नाही. कुणाची तरी चौकशी करतायत असं वाटतंय."

ता. क. (शेवटचा) गुरुवारच्या भाषणाची तयारी चालू आहे. पूर्वपक्ष झाला. फार सुंदर झाला आहे. आजोबांनी आता जायला हवं, थांबण्यातही एक लोभ असतो, रिकामी आरामखुर्ची कधीकधी भरलेल्या खुर्चीपेक्षा जास्त बोलते, असं सगळं त्यात आहे. काल आरशासमोर म्हणून पाहिलं तर मलाच पटायला लागलं, आणि आतून बायकोनं विचारलं, "बॅग भरून देऊ का?" उत्तरपक्ष अजून सुरू व्हायचा आहे.

तेव्हा बाकी सगळं पत्र विसर. मिशी विसर, फौजा विसर, डबा विसर. डबा मी स्वतः उचलून खिडकीत ठेवीन. गुरुवारी अकरा वाजता ये आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बस. मी उठून "समोरच्या बाजूचं म्हणणं असं आहे की" म्हणालो रे म्हणालो, की शर्ट धरून मला खाली ओढ आणि तू उभी राहा. कुठल्याही आवाजात बोल.

मी जुना शर्ट घालून येईन. ओढ.